मे महिन्यातील भातलावणी

मावळात मे महिन्यात शेतकऱ्याला शेतात करण्यासारखे फारसे काही नसते, ही गोष्ट आमच्या पुतण्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण त्याचा जन्म याच घरातला आहे. रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झालेले असतात, शेणखताचे ढीग बांधाला पडलेले असतात, आणि माणसे एक तर लग्नाच्या पंगतीत असतात किंवा आंब्याच्या सावलीत तरी. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागले की मग धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीची गडबड सुरू होते. पण शहरातल्या शाळांना सुट्टी असते ती नेमकी या रिकाम्या दिवसांत, आणि पुतण्याने व्यवस्थापनाचे जे शिक्षण घेतले आहे त्यानुसार गिऱ्हाईक मोकळे असेल तेव्हा माल तयार ठेवावा लागतो. म्हणून त्याने आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आठवडाभराच्या शेतशिबिराचे एक रंगीत पत्रक काढले. त्यात भातलावणी होती, गाईची धार होती, बैलगाडीची सफर होती, खुराड्यातून अंडी गोळा करणे होते आणि सर्वांत खाली 'अनुभवी शेतकऱ्याचे मार्गदर्शन' असे ठळक अक्षरांत छापले होते.

हा अनुभवी शेतकरी म्हणजे मी. माझी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर गेली, शेती पाहिली ती दादाने. परंतु शिबिराचा विषय निघताच दादाने ''मला शेती आहे,'' एवढेच सांगून अंग काढून घेतले. मी काही शंका काढू लागलो, तर पुतण्याने 2020 साली राज्य सरकारने आणलेल्या कृषी पर्यटन धोरणाचा कागदच माझ्यापुढे धरला. सरकारचे धोरण आणि घरातला पदवीधर हे दोघे एका बाजूला झाल्यावर निवृत्त माणसाने करायचे काय?

सगळ्यांत मोठे संकट भातलावणीचे होते. आमच्याकडे लावणी होते ती पाऊस बसल्यावर, आषाढात. मे महिन्यात लावणी करायची, तर एप्रिलमध्ये रोप टाकावे लागते, कारण लावणीजोगे होण्यास त्याला साधारण तीन आठवडे तरी लागतात. विहिरीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर मी ते टाकले. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण सायकल थांबवून ''काय काका, औंदा पाऊस तुमच्याच वावरात पडला का?'' असे विचारून जाई. त्यानंतर चिखलणी, म्हणजे खाचरात पाणी भरून चिखल करणे. शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा पाळीने येते, आणि शिबिराच्या आठवड्यात आमच्या वाट्याला रात्रपाळी आली होती. शेवटी पुतण्या अंथरुणावर पडून पालकांच्या संदेशांना उत्तरे देत असताना मी आणि आमचा गडी बॅटरीच्या उजेडात मोटर चालवून, भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या खाचरात, आषाढ तयार करीत होतो.

सकाळी टोप्या घातलेली पंचवीस-तीस मुले बांधावर उभी राहिली. मी त्यांना सांगितले की हा इंद्रायणी भात आहे, आंबेमोहर आणि आयआर-8 या भाताच्या जातींच्या संकरातून आपल्या वडगावच्या संशोधन केंद्राने तो तयार केला आणि 1987 साली तो शेतकऱ्यांना मिळाला. हे ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला, कारण पत्रकात 'शेकडो वर्षांची परंपरा असलेला इंद्रायणी' असे छापले होते आणि एका चौकस मुलाने ते पत्रक खिशातून काढून वाचायला घेतले होते. मग मी विषय बदलून लावणी कशी करतात ते दाखवले. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हाताने दोन-तीन काड्या काढून बोटांच्या टोकांनी चिखलात उथळ खोचायच्या आणि मागे सरकत जायचे. यातली मागे सरकण्याची गोष्ट महत्त्वाची असते. मुले पुढे सरकली. पुढे सरकल्यामुळे प्रत्येक जण आपण नुकतेच लावलेले रोप आपल्याच पायाने तुडवीत बांधापर्यंत पोहोचला आणि तेथे वळून, आपली ओळ कोणी चोरली म्हणून माझ्याकडे तक्रार करू लागला. एका मुलाने घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या रोपाला आपल्या बाटलीतले पाणी घातले, ते गाळलेले असल्याने रोपाला अधिक चांगले, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याने एकच रोप लावले, पण त्याच्याभोवती चिखलाची तटबंदी उभारली आणि तो जेवणाची घंटा होईपर्यंत तेथून हलला नाही.

येथपर्यंत ठीक होते. पण पुतण्याने मुलांच्या तीन तुकड्या केल्या होत्या, प्रत्येक तुकडीला लावणीसाठी वेगळा दिवस दिला होता, आणि विहिरीचे पाणी पाहता रोप झाले होते ते जेमतेम एका तुकडीपुरते. या अडचणीवर त्याच्याकडे उपाय तयारच होता. मुले झोपली की गडी आणि मी खाचरात उतरायचे, दिवसा लावलेले सगळे रोप उपटायचे, मुळे धुवायची, मुठी बांधून पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी दुसऱ्या तुकडीच्या हातात ताज्या रोपाच्या मुठी म्हणून द्यायच्या. ''यालाच शाश्वत शेती म्हणतात, काका,'' असे तो मला म्हणाला. तिसऱ्या तुकडीच्या हाती पडेपर्यंत ते रोप इतके पिवळे आणि जाणते झाले होते की खोचण्याआधीच आडवे होत होते.

गोठ्याचा कारभार वहिनींकडे असल्यामुळे तेथे पुतण्याचे फारसे चालले नाही. आमची गाय पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला धार देते. पत्रकात धारेची वेळ सकाळी साडेआठची होती. गाईने पत्रक वाचलेले नव्हते. एक सड मुलांसाठी राखून ठेवावा, अशी सूचना पुतण्याने करताच, ''दूध तटून कासेला दगडी सूज आली तर डॉक्टरला बोलवायला तुझं शिबिर येणार का?'' असे विचारून वहिनींनी त्याला गोठ्याबाहेर काढले. अखेर एक दिवस पहाटेची धारच उशिरा काढण्यास त्या कशाबशा तयार झाल्या. वासरू सोडले, कास धुतली, गाय पान्हावली, आणि त्याच क्षणी सगळी मुले एकदम आनंदाने ओरडली. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे जनावरे पाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. पहिल्या मुलाने ओढले, दुसऱ्याने ओढले, तिसऱ्याने सडाऐवजी शेपूट ओढले, आणि गाईने दुधाऐवजी जे काही सोडले त्याला मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दिवशी न्याहरीला 'आपल्या गाईचे' म्हणून जे दूध दिले गेले, ते गडी सकाळीच नाक्यावरून पिशव्यांमधून घेऊन आला होता. संध्याकाळी एका आईचा संदेश आला की आमचा मुलगा घरी दुधाला शिवत नाही आणि तेथे मात्र दोन पेले प्यायला, तरी ही गाय कोणत्या जातीची आहे ते कृपया कळवावे.

या सगळ्या गोंधळात जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी होती, ती कोणाशी विशेष बोलत नसे. बाकीची मुले न्याहरीला पळाली, तेव्हा ती गोठ्यात मागे राहिली, वहिनींच्या शेजारी उकिडवी बसली आणि त्यांचा हात पाहू लागली. अंगठा आणि पहिले बोट यांनी सड वरून मिटायचा, म्हणजे दूध मागे फिरत नाही, आणि मग उरलेली बोटे एकापाठोपाठ एक आवळत न्यायची; ओढायचे नाही. गाय शांत झाल्यावर तिच्या हातून पहिली चिळकांडी चष्म्यावर उडाली, दुसरी बादलीच्या पत्र्यावर वाजली, आणि तिसरीपासून वहिनींनी बादली तिच्याकडेच दिली. त्या संध्याकाळपासून शिबिर संपेपर्यंत एका बाजूचे दोन सड तिनेच काढले. आमच्या घराण्याच्या इतिहासात फी भरून कामाला आलेला माणूस हा एवढाच.

अंड्यांचे प्रकरण लवकर आटोपले असते, पण उन्हाच्या तडाख्याने कोंबड्यांनी अंडी देणे जवळजवळ बंदच केले होते, म्हणून पुतण्याने कामशेतच्या बाजारातून एक ट्रे आणून भल्या पहाटे खुराड्यात पसरला. ती अंडी पांढरीशुभ्र होती. गावरान कोंबडीचे अंडे तपकिरी असते, असे पत्रकातच छापलेले असल्यामुळे त्याच चौकस मुलाने खुलासा मागितला. त्यातली एक कोंबडी वेगळी आहे, असे पुतण्याने ठोकून दिले. तो मुलगा त्या वेगळ्या कोंबडीला पाहण्यासाठी वही घेऊन दुपारभर खुराड्यासमोर बसून राहिला.

बैलगाडीची सफर हा पत्रकातला सर्वांत देखणा फोटो होता. आमच्याकडे गाडी आहे, बैल नाहीत, ट्रॅक्टर आल्यापासून ते कोणाकडेच नाहीत, किंवा आहेत ते शर्यतीचे आहेत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा मावळ-खेड-जुन्नरचे बैलगाडा मालक हवालदिल झाले होते. 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानेही शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून शर्यतीच्या बैलाचा मान घरच्या जावयाच्याही वर गेला आहे. शेजारच्या अण्णांकडे अशी एक खोंडांची जोडी आहे. ती मागायला गेलो, तर अण्णांनी मला आधी बसवून चहा पाजला आणि मग सांगितले की हे बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, काही सेकंदांसाठी पळतात, त्यासाठी त्यांना दूध आणि खुराक चारलेला असतो, आणि त्यांच्यामागे तुम्ही पोरे बसवलीत, तर पोरे थेट लोणावळ्यात उतरवून घ्यावी लागतील. शेवटी अण्णा उदार झाले आणि बैल नुसते उभे करण्यास आले. मुलांनी दहा हात लांबून त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले, बैल पुन्हा पंख्याखाली गेले आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत फिरवून आणली. शिबिरात सर्वाधिक आरडाओरडा याच सफरीत झाला, कारण ट्रॅक्टर चालवणाऱ्याने मुलांना हॉर्न वाजवू दिला.

जीवामृताच्या, म्हणजे शेणा-गोमूत्राच्या पातळ खताच्या दिवशी मी पुष्कळ सावरून घेतले. दोनशे लिटर पाण्याच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून काठीने ढवळायचे, इतके ते सोपे असते. शेण पाहून मागे सरलेली मुले गूळ आणि बेसन पाहून पुढे आली, आणि पिंपात जाईपर्यंत दोन किलो गुळाचा दीड किलो झाला. भाकरीविषयी काही लिहीत नाही. ती वहिनींनीच थापली आणि मुलांनी सॉस लावून खाल्ली.

तिसऱ्या तुकडीच्या आदल्या रात्री आम्ही खाचरात वाकून रोप उपटीत होतो, तेव्हा गच्चीवरून एकाएकी ''चोर! चोर!'' असा गिल्ला झाला आणि पंधरा-वीस बॅटऱ्यांचे झोत आमच्यावर पडले. पांढरी अंडी न पटलेला तो मुलगा त्या रात्री जागा राहिला होता आणि त्याने सगळ्यांना उठवले होते. मुले अनवाणी बांधावर आली, त्यांनी आम्हाला घेरले, आणि गड्याच्या हातातली रोपांची मूठ पुरावा म्हणून जप्त केली. पुतण्या धावत आला. त्याने एकवार माझ्याकडे, एकवार मुलांकडे पाहिले आणि जाहीर केले की ही 'पिकाची राखण' नावाची गुप्त कृती होती आणि ती सर्वांनी उत्तम रीतीने पार पाडली आहे. अनुभवी शेतकऱ्याला त्यानंतर खाटेला बांधून ठेवण्यात आले, सोडवायला सौ. आल्या, त्यासुद्धा पोटभर हसून झाल्यावर.

शेवटच्या दिवशी मुलांकडून अभिप्राय लिहून घेतले. 'सर्वांत काय आवडले?' या प्रश्नापुढे बहुतेकांनी 'चोर काका' असे लिहिले होते. चष्म्याच्या मुलीने गाईचे नाव लिहिले होते. चौकस मुलाने अभिप्रायाच्या जागी प्रश्न विचारला होता की सोमवारी आणि बुधवारी लावलेल्या रोपांवर तोच लाल दोरा कसा काय होता. तो त्याने सोमवारी खूण म्हणून बांधला होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

पालक मात्र भलतेच खूश होते. मुलांनी लावणी पाहिली, आता पुढच्या उन्हाळ्यात कापणी आणि झोडणीही ठेवा, असा आग्रह त्यांनी धरला. आमच्याकडे भात कापणीला येतो दिवाळीच्या आगेमागे, हे मी सांगणार तेवढ्यात पुतण्याने होकार भरला. त्याचे म्हणणे असे की घाटाखाली कर्जतला राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो आणि मे महिन्यापर्यंत तो पिकतो, तेव्हा तो तेथून मुळासकट उपटून टेम्पोने वर आणायचा आणि काकांनी तो रात्रीतून आपल्या खाचरात उभा करायचा. त्याने माझ्यादेखतच तिकडच्या एका शेतकऱ्याला फोन लावला. उभा भात मुळांसकट मागणारे गिऱ्हाईक त्या गृहस्थांना पहिल्यांदाच भेटत असावे, कारण त्यांनी दर तिप्पट सांगितला, आणि पुतण्याने टेम्पोत किती एकर मावते एवढेच विचारून तो मान्य केला.