चिनी गाड्यांबद्दलचा तो मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमधून एक मजकूर फिरतोय. सार असा: चीनच्या मोटारसायकल आणि कार कंपन्यांनी स्वतःच्या डोक्याने काहीही केलेलं नाही. डिझाइनं चोरली, सरकारने पैसा ओतला, मजूर कवडीमोलाने राबवले. गाड्या तकलादू आहेत, फुगा दोन वर्षांत फुटेल, आणि भारताने तोवर दार लावून घेतलं की काम झालं. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत चाकण, भोसरी, वाळूजच्या कारखान्यांत काम करणारी माणसं आहेत, सुटे भाग बनवणारे छोटे उद्योजक आहेत. ज्यांचं पोट वाहन उद्योगावर चालतं त्यांनी समोरच्याला इतकं कमी लेखणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

चोरीपासून सुरुवात करू, कारण त्यात तथ्य आहे. चेरीची क्यूक्यू ही छोटी गाडी देवू मॅटिझची इतकी हुबेहूब प्रत होती की जनरल मोटर्स त्यावरून कोर्टात गेली. लँडविंडची एक्स७ पाहून रेंज रोव्हर इव्होकच वाटायची. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने खटला भरला आणि २०१९ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. बीवायडीची २००५ ची एफ३ बघितली की टोयोटा कोरोला आठवायचीच. हे सगळं मान्य. पण नक्कल करणाऱ्या कंपन्या जगात ढिगाने झाल्या आणि विसरल्याही गेल्या. नक्कल करून झाल्यावर पुढची पंधरा-वीस वर्षं यांनी काय केलं, ते बघायला हवं.

बीवायडी मुळात बॅटरीची कंपनी. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेनझेनला ती काढली, मोबाइलच्या बॅटऱ्यांवर ती वाढली आणि २००३ मध्ये तिने शिआनची एक छोटी सरकारी कार कंपनी विकत घेतली. आज तिच्या गाड्यांत जी बॅटरी असते तिचं रसायन, लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी, चीनचं नव्हेच. ते पुढे आलं टेक्सास विद्यापीठात, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत, आणि १९९७ च्या मूळ शोधनिबंधावर पहिलं नाव आहे अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं. एलएफपी स्वस्त, सुरक्षित आणि टिकाऊ, पण तेवढ्याच वजनात निकेलच्या बॅटरीपेक्षा ऊर्जा कमी साठवते. म्हणून कोरियन आणि युरोपीय कंपन्या निकेलकडे वळल्या.

बीवायडीने २०२० मध्ये सेलचा आकारच बदलला. जवळपास मीटरभर लांब आणि दीड सेंटिमीटरहूनही पातळ अशा पट्ट्या, एकीला एक खेटून उभ्या. एरवी सेल आधी छोट्या पेट्यांत आणि मग त्या पेट्या मोठ्या पॅकमध्ये बसवतात. इथे मधल्या पेट्याच काढून टाकल्या. पट्ट्याच पॅकला ताठपणा देतात, मोकळी झालेली जागा आणखी सेल घेतात, आणि रसायनातली उणीव बरीचशी भरून निघते. पातळ पट्टीला पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णताही लवकर बाहेर पडते. हे कुणाच्या कपाटातून उचललेलं नाही, हे उत्पादन अभियांत्रिकीचं काम आहे. २०२२ मध्ये टोयोटाने चीनसाठी बीझेड३ ही विजेची सेडान आणली, तेव्हा तिच्यात बॅटरी आणि मोटर दोन्ही बीवायडीच्या होत्या. ज्या टोयोटाची नक्कल केल्याचा आरोप, तीच आता गिऱ्हाईक. २०२३ मध्ये फोक्सवॅगनने ७० कोटी डॉलर मोजून एक्सपेंग या चिनी कार कंपनीत सुमारे ५ टक्के हिस्सा घेतला, तो तिचं तंत्रज्ञान आपल्या चिनी गाड्यांसाठी मिळावं म्हणूनच.

आता सरकारी पैसा. तो होता आणि प्रचंड होता. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेच्या अंदाजाने २००९ ते २०२३ या काळात चीनने विजेच्या वाहनांसाठी सुमारे २३० अब्ज डॉलरचं पाठबळ दिलं. युरोपीय संघाने चौकशी करून ऑक्टोबर २०२४ मध्ये जादा कर बसवले: बीवायडीवर १७, जीलीवर १८.८, एसएआयसीवर ३५.३ टक्के. म्हणजे आरोप हवेतला नाही. पण मजकूर लिहिणाऱ्याने या आकड्यांकडे नीट पाहावं. सगळ्यात जास्त कर एसएआयसी या सरकारी कंपनीवर लागला आणि जगाला घाम फोडतेय ती मात्र त्याहून निम्म्याने कमी कर लागलेली खासगी बीवायडी.

हे आजचं नाही. चीनने १९८० च्या दशकापासून परदेशी कंपन्यांना भागीदारीची सक्ती केली. बाजार देतो, तंत्रज्ञान द्या, असा तो सौदा. फोक्सवॅगन, जनरल मोटर्स, होंडा सगळ्या आल्या आणि सरकारी कंपन्या त्यांच्या गाड्या जोडून नफा खात बसल्या. चीनचे माजी यंत्रोद्योगमंत्री हे ग्वांगयुआन यांनी २०१२ मध्ये या भागीदाऱ्यांना चक्क अफूची उपमा दिली होती. स्वतःचं काही उभं केलं ते बाहेरच्यांनी: बीवायडी, ग्रेट वॉल, आणि फ्रिजचे भाग व मग मोटारसायकली बनवत कारपर्यंत पोचलेल्या ली शूफू यांची जीली. जीलीला कार बनवण्याचा रीतसर परवाना मिळायला २००१ उजाडलं. नऊ वर्षांनी तिने फोर्डकडून व्हॉल्वो विकत घेतली.

शिवाय अनुदान घेऊन बुडालेल्यांची यादी लांब आहे. डब्ल्यूएम मोटर, बायटन, एव्हरग्रांडची कार कंपनी. २०१६ मध्ये तर न बनवलेल्या बसगाड्यांवर अनुदान उकळणाऱ्या कंपन्या खुद्द चीनच्या अर्थमंत्रालयाने पकडल्या. पैशाने कंपनी उभी राहत असती तर यांतली एकही बुडाली नसती. चीनच्या केंद्र सरकारचं खरेदी अनुदान २०२२ अखेर बंद झालं, करसवलत राहिली. तरी २०२४ मध्ये चीनमध्ये बनलेल्या विजेच्या आणि प्लग-इन हायब्रिड मिळून, निर्यात धरून, १ कोटी २८ लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. अनुदान आपणही देतोच. विजेच्या वाहनांसाठीची फेम योजना २०१५ पासून होती आणि वाहन उद्योगासाठीची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना २५,९३८ कोटींची आहे. चीनने पैसा फक्त गाडीवर लावला नाही. बस, चार्जिंग, बॅटरीचं रसायन, खनिजांचं शुद्धीकरण असा सगळा साखळीभर लावला. शेनझेनच्या १६ हजारांवर शहर बसगाड्या २०१७ पर्यंत विजेवर आल्या होत्या. बॅटरीवाल्यांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं ते तिथे.

स्वस्त मजुरांचा मुद्दा लवकर संपतो. चिनी कामगाराचा पगार आज भारतातल्या आणि व्हिएतनाममधल्या कामगारापेक्षा बराच जास्त आहे. मजुरीवर सगळं ठरत असतं तर स्वस्त गाड्यांची राजधानी आपल्याकडे असती. यूबीएस बँकेने २०२३ मध्ये बीवायडीची सील ही गाडी सुटी करून तपासली. सुमारे तीन चतुर्थांश भाग कंपनीने घरातच बनवलेले निघाले आणि जुन्या कंपन्यांच्या तुलनेत खर्चात सुमारे २५ टक्क्यांचा फायदा दिसला. कामगारांची पिळवणूक होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये बीवायडीच्या कारखान्याच्या बांधकामावर १६३ चिनी कामगार गुलामीसदृश अवस्थेत सापडले, असं तिथल्या अधिकाऱ्यांनीच जाहीर केलं. ते लाजिरवाणं आहे आणि त्याची किंमत कंपनीने मोजलीच पाहिजे. पण चिनी गाडी स्वस्त का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तकलादूपणावर जरा थांबतो, कारण इथे मोटारसायकलींची गोष्ट येते आणि ती आपल्या कामाची आहे.

१९८० च्या दशकात चोंगचिंगच्या जियालिंग या सरकारी कारखान्याने होंडाशी तांत्रिक करार केला. होंडाची डिझाइनं हळूहळू साऱ्या शहरात पाझरली. लिफान, झोंगशेन, लोन्सिन या खासगी कंपन्या निघाल्या आणि त्यांच्याभोवती शेकडो छोटे पुरवठादार. एकाचा कार्ब्युरेटर दुसऱ्याच्या इंजिनाला बसायचा, भाग कुणाकडूनही घ्या, भाव पाडा. या गाड्या २००० च्या सुमारास सुट्या भागांच्या रूपात व्हिएतनाममध्ये ओतल्या गेल्या. होंडाच्या ड्रीमच्या किमतीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात दुचाकी मिळू लागली आणि शेतकरी, भाजीवाले पहिल्यांदा दुचाकीवर आले. बाजाराचा बहुतांश हिस्सा बघता बघता चिनी झाला.

मग गाड्या खिळखिळ्या होऊ लागल्या. भाव पाडण्याच्या नादात धातू हलका झाला होता, मापं सैल झाली होती. होंडाने त्या वेळी काय केलं ते बघा. नक्कल करणाऱ्यांपैकीच एका चिनी कंपनीशी तिने २००१ मध्ये भागीदारी केली, चिनी पुरवठादारांचे भाग स्वतःच्या कसोटीवर तपासून घेतले आणि २००२ मध्ये व्हिएतनाममध्ये वेव्ह अल्फा आणली, सुमारे ७०० डॉलरला. त्याच वर्षी व्हिएतनामच्या सरकारने सुट्या भागांच्या आयातीवर मर्यादाही घातली. चिनी गाड्यांचा हिस्सा कोसळला तो पुन्हा वर आलाच नाही. आफ्रिकेत हेच काम पुण्याच्या बजाज ऑटोने केलं. युगांडा, केनिया, नायजेरियात प्रवासी वाहणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी चिनी गाडीपेक्षा महाग असूनही बॉक्सर घेतली, कारण ती दिवसभर तीन माणसं ओढते आणि तिचे भाग गावात मिळतात.

म्हणजे चिनी गाडी हरू शकते. पण हरलेल्यांनी त्यातून काय शिकलं, हे मजकुरात नाही. लोन्सिनने बीएमडब्ल्यूच्या एफ ८५० जीएससारख्या गाड्यांची इंजिनं बनवली. छ्यानजियांग या चिनी कंपनीने २००५ मध्ये घेतलेल्या बेनेली या इटालियन कंपनीची टीआरके ५०२ ही २०२० आणि २०२१ मध्ये खुद्द इटलीत सर्वाधिक खपलेली मोटारसायकल होती. २०२३ च्या डाकार रॅलीत कोव्ह या नवख्या चिनी कंपनीने तीन मोटारसायकली उतरवल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत पोचल्या. सौदीच्या वाळवंटात दोन आठवडे चालणाऱ्या त्या शर्यतीत तकलादू गाडी टिकत नाही.

कारचंही तसंच. २००५ मध्ये लँडविंडची एसयूव्ही जर्मनीत धडक चाचणीत इतकी चेपली की तो व्हिडिओ जगभर फिरला. २०२२ मध्ये बीवायडीच्या अ‍ॅटो ३ ला आणि एसएआयसीच्या मालकीच्या एमजीच्या एमजी४ ला युरो एनकॅप या युरोपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले. पण २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत त्याच एमजीच्या एमजी५ ला शून्य तारे पडले. बॅज एक, गाड्या दोन, निकाल दोन टोकांचे. ‘चिनी’ एवढ्या शब्दावरून गाडी चांगली की वाईट ते ठरत नाही. मॉडेल कोणतं आणि कोणत्या बाजारासाठी बनवलंय, ते विचारावं लागतं.

फुगा फुटणार का? काही कंपन्यांचा नक्की फुटेल. किमतींचं युद्ध जीवघेणं आहे. मे २०२५ मध्ये बीवायडीने काही मॉडेलवर ३४ टक्क्यांपर्यंत सूट दिली, पुरवठादारांची बिलं महिनोन्‌महिने थकली आणि शेवटी सरकारला डोळे वटारावे लागले. २०२४ मध्ये विजेच्या आणि हायब्रिड गाड्या विकणाऱ्या १२९ ब्रँडपैकी २०३० पर्यंत फक्त १५ आर्थिकदृष्ट्या तग धरतील, असा अ‍ॅलिक्सपार्टनर्स या सल्लागार कंपनीचा अंदाज आहे. पण १२९ चे १५ झाले म्हणजे उद्योग मेला असं नव्हे. बुडालेल्या कंपनीचे अभियंते, यंत्रं, पुरवठादार शेजारच्या कंपनीत जातात आणि उरलेले १५ आणखी अंगावर येतात. चीनने २०२३ मध्ये वाहन निर्यातीत जपानला मागे टाकलं आणि २०२४ मध्ये ५८ लाखांवर वाहनं बाहेर पाठवली. दोन वर्षं हातावर हात ठेवून वाट पाहण्यासारखी ही परिस्थिती नाही.

राहिला दार लावण्याचा सल्ला. ते दार आपण एप्रिल २०२० मध्येच बरंचसं लावलं, जेव्हा शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. जूनमध्ये गलवान घडलं आणि मंजुऱ्या जवळपास थांबल्या. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ग्रेट वॉलने त्याच वर्षी जानेवारीत केला होता. मंजुरीची वाट बघत तो २०२२ मध्ये बारगळला आणि कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. सीमेवर जवान शहीद झाल्यावर सरकारने सावध राहायचं ठरवलं, त्याला माझा विरोध नाही. सुरक्षेचा निर्णय सुरक्षेच्या कारणाने घ्यावाच.

पण दार लावलं म्हणून आपण सुटलो, हे खोटं आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. असे चुंबक विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये असतात आणि जगातले सुमारे ९० टक्के चीनमध्ये बनतात. जुलैअखेर बजाज ऑटोने सांगून टाकलं की ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. चिनी स्कूटर दुकानात फारशा नसतानाही इथली लाइन थांबायची वेळ आली.

कच्चा माल आपल्याकडे आहे. ओडिशातल्या छत्रपूरची, केरळातल्या चवराची समुद्राची वाळू आयआरईएल ही मुंबईत मुख्यालय असलेली सरकारी कंपनी कित्येक वर्षं उपसते आहे. त्या वाळूपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्याचा भट्टीतून निघालेला चुंबक, ही मधली साखळी आपण मोठ्या प्रमाणावर उभीच केली नाही. चीनने ती तीस-चाळीस वर्षं चिकाटीने बांधली. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या क्षमतेची. चाकण-वाळूजच्या गटांत चर्चा व्हायलाच हवी ती या योजनेची: निविदा कोण भरतंय, भट्ट्या कुठे लागणार, त्यांना लागणारी माणसं कोण तयार करणार, आणि आपल्या भागातला कुठला छोटा कारखाना त्यात शिरू शकतो.