शब्बाथ शाळेतला एक प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर

चार शनिवार झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज लिहायला बसले. लांब होईल, पण निवांतपणे वाचा.

मी आपल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे शनिवारच्या बायबल वर्गात, तरुणांना शिकवते. त्या दिवशी धडा त्रैक्यावर होता: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. वर्गात एक मुलगा आहे, धड्याची पुस्तिका आठवडाभर घरी वाचून येणारा. रिकाम्या ओळींवर पेन्सिलीने उत्तरं लिहितो आणि समासात बारीक अक्षरात स्वतःच्या शंका. त्याने समासावर बोट ठेवलं आणि विचारलं, "टीचर, आपल्या मंडळीचे संस्थापक जेम्स व्हाईट आणि जोसेफ बेट्स त्रैक्य मानत नव्हते, हे खरं आहे का? मग आज ते बाप्तिस्म्यासाठी आले असते, तर आपण त्यांना घेतलं असतं का?"

मला उत्तर माहीत होतं. कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. आणि मी म्हणाले, "या गोष्टींत शिरू नकोस बाळा. प्रार्थना कर, प्रभू दाखवील."

त्याने मान हलवली. खोडरबर काढला आणि समासातली ती ओळ पुसून टाकली.

तो अजूनही दर शनिवारी येतो. समास कोरा असतो.

मी तसं का बोलले? मी खोटारडी नाही. माझा जन्म या मंडळीतला, इथेच मी प्रार्थना करायला शिकले, इथल्याच माणसांनी माझ्या दुःखात रात्री जागवल्या. आपले लोक अभ्यास न करता डोळे मिटून मानतात, असा आरोप बाहेरचे करतात. तो मला कधीच पटला नाही. ॲडव्हेंटिस्ट घरातल्या म्हातारीलाही रविवारच्या पालनाविरुद्ध आणि मेलेल्यांच्या अवस्थेविषयी दहा वचनं तोंडपाठ असतात. आपण वाचतो, ताडून पाहतो, प्रश्न विचारतो. पण ही सगळी तालीम झालीय ती दुसऱ्याची चूक पकडायची. तेच भिंग स्वतःकडे वळवलं की हात थरथरतो.

आपली भाषाच बघा. आपण विचारतो, "तुमचं घर सत्यात कधी आलं?" सत्यात येणं, सत्यात असणं, सत्य सोडून जाणं. म्हणजे आपल्यासाठी सत्य हे राहतं घर झालंय. मग त्या घराची एखादी भिंत वाकडी आहे म्हणणारा माणूस आपल्याला घर पाडायला आलेला वाटतो. त्यात शब्बाथाचा मुद्दा. जवळजवळ सगळं ख्रिस्ती जग रविवारी जमतं आणि आपल्याला शास्त्रातून शनिवार सापडला. तो सापडला याचा मलाही आनंद आहे. पण त्या एका गोष्टीने आलेला भरवसा आपण हळूहळू सगळ्याच गोष्टींना लावला. शब्बाथात आपण बरोबर ठरलो, म्हणजे तारखांच्या गणितातही बरोबर, पेहरावाच्या नियमातही बरोबर, परवाच्या कमिटीच्या ठरावातही बरोबर!

पण खरी गाठ मला १८४४ मध्येच दिसते. प्रभू कधी परत येणार हे काढायला अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांनी बायबलमधल्या दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून, इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजले. आधी १८४४ च्या वसंतापर्यंतची मुदत होती, ती टळली. मग २२ ऑक्टोबर ठरली. लोकांनी उभी पिकं कापली नाहीत, दुकानं बंद केली. रात्र सरली, प्रभू आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पाहणाऱ्यांतलेच एक, हायरम एडसन, शेतातून जात असताना त्यांना वाटलं की तारीख बरोबर होती, घटना आपण चुकीची धरली; त्या दिवशी येशूने स्वर्गातल्या पवित्रस्थानाच्या दुसऱ्या भागात प्रवेश केला. मिलर यांनी मात्र आपलं गणित चुकलं हे उघडपणे मान्य केलं. १८४९ मध्ये ते वारले, तोवर त्यांनी हे नवं स्पष्टीकरण स्वीकारलं नव्हतं.

पवित्रस्थानाची शिकवण टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो मोठा अभ्यास आहे आणि त्यात मला आजही सांत्वन मिळतं. पण त्या सकाळी आपल्या मंडळीला एक सवय लागली, ती बघा. चूक समोर आली की तिचा अर्थ असा लावायचा की आपण बरोबरच होतो, फक्त नीट समजलं नव्हतं. पुढची काही वर्षं आपल्या पहिल्या लोकांचा असाही समज होता की १८४४ मध्ये जगासाठी कृपेचं दार बंद झालं. १८५० नंतरच्या काही वर्षांत तो समज सोडला गेला. बरंच झालं. पण "आमचं चुकलं, आम्ही लोकांना तारणाबाहेर समजलो" असं स्पष्ट सांगितलेलं मी तरी आपल्या धड्याच्या पुस्तिकेत कधी वाचलं नाही. त्रैक्याचंही तसंच. पहिल्या पिढीतले कितीतरी पुढारी ते नाकारत होते. मंडळीच्या विश्वासांच्या १९३१ च्या निवेदनात त्याचा उल्लेख आला आणि १९८० मध्ये डॅलसच्या अधिवेशनात ते मूलभूत विश्वासांमध्ये मतदानाने मंजूर झालं. देवाविषयीची शिकवण बदलली, याहून मोठा बदल तो कोणता? तरी आपण मुलांना असं शिकवतो, जणू सगळं पहिल्या दिवसापासून असंच होतं.

१९१९ ची गोष्ट तर मला जास्त लागते. त्या वर्षी पुढारी आणि शिक्षक बायबल परिषदेला जमले. जनरल कॉन्फरन्सचे, म्हणजे मंडळीच्या जागतिक कारभारी संस्थेचे, त्या वेळचे अध्यक्ष ए. जी. डॅनियल्स तिथे होते. ज्यांना आपण देवाच्या संदेष्ट्या मानतो त्या एलन व्हाईट वारून चारच वर्षं झाली होती; त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं समोरासमोर बसून बोलली की त्यांचं लिखाण शब्दन्‌शब्द अचूक मानता येत नाही, आणि हे लोकांना कसं सांगायचं. सांगितलं नाही. त्या बैठकीची कागदपत्रं १९७४ मध्ये संग्रहात सापडली, तोवर पंचावन्न वर्षं गेली होती. या पंचावन्न वर्षांत माझ्या आजीसारख्या लाखो माणसांनी पुढाऱ्यांच्याच मनात नसलेली खात्री छातीशी धरून ठेवली. सामान्य विश्वासणाऱ्याला चूक दिसत नाही म्हणून त्याला दोष देताना हे विसरू नका. बऱ्याचदा त्याला दाखवलंच गेलेलं नसतं. प्रेमापोटी, त्याचा विश्वास डळमळू नये म्हणून. माझं उत्तरही त्यातलंच होतं.

आणि जो दाखवायला जातो त्याचं काय होतं, तेही सगळे बघतात. आपले ऑस्ट्रेलियन धर्मपंडित डेसमंड फोर्ड यांनी, १८४४ पासून स्वर्गात न्यायनिवाडा सुरू आहे या शिकवणीला आव्हान देणारी सुमारे हजार पानं लिहून दिली. ऑगस्ट १९८० मध्ये कोलोरॅडोत त्यावर सभा झाली आणि त्यांचा पाळकपदाचा परवाना गेला. ते बरोबर होते की चूक, यावर भले मतभेद असोत. पण कुठला प्रश्न विचारला की नोकरी जाते, हे बाकीच्या शिक्षकांना कळलं.

शिवाय टीकाकाराचं उत्तर आपल्याकडे आधीच तयार असतं. शेवटच्या दिवसांत मंडळीची चाळणी होणार, पुष्कळ जण पडणार, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे कुणी चूक दाखवली की त्याचं म्हणणं तपासायच्या आधी तो माणूसच भविष्यवाणीत बसवला जातो. मी एकदा एका मंडळीच्या सभेत हिशेबाबद्दल साधी विचारणा केली होती. एक वडील उठून म्हणाले, "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका." हिशेब राहिला बाजूला, बायका आठवडाभर माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या.

सगळ्यात अवघड जागा रवांडातल्या वंशहत्येची. १६ एप्रिल १९९४. शनिवार होता. मुगोनेरोच्या आपल्या मिशनच्या आवारात, चर्चमध्ये आणि हॉस्पिटलमध्ये, जिवाच्या भीतीने तुत्सी जमातीचे हजारो लोक आसऱ्याला आले होते. त्यांतल्या पाळकांनी आदल्या दिवशी आपले वरिष्ठ पाळक एलिझाफान न्ताकिरुतिमाना यांना पत्र लिहिलं, उद्या आम्ही कुटुंबांसह मारले जाणार, आमच्यासाठी मध्ये पडा. त्या शनिवारी ती माणसं मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने न्ताकिरुतिमाना यांना वंशहत्येला साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. हे मी एका अभ्यासगटात सांगितलं तेव्हा ताबडतोब उत्तर आलं, "तो खरा ॲडव्हेंटिस्ट नव्हताच." किती सोपं! चांगलं घडलं की ती मंडळीची साक्ष, वाईट घडलं की ती एका माणसाची चूक. शब्बाथ पाळणारी, एकाच पुस्तिकेतून धडा शिकणारी माणसं एकमेकांना वाचवू शकली नाहीत, तर आपल्या शिकवण्यात काय राहून गेलं, हा प्रश्न त्या उत्तरानंतर विचारताच येत नाही.

कबुली देता येते. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या आपल्या मंडळ्यांनी नाझी काळातल्या वागण्याबद्दल २००५ मध्ये जाहीर क्षमा मागितली. युद्ध संपून साठ वर्षं झाली होती, ज्यांची मागायची त्यांतले बहुतेक गेले होते. तरी मागितली, आणि त्याने मंडळी कोसळली नाही.

आपण तर स्वतःला लावदिकीया म्हणवतो. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली, मला काही उणे नाही म्हणणारी आणि आंधळी असलेली मंडळी. यावर किती उपदेश ऐकले मी! पण प्रत्येक वेळी पाळक सांगतात ते शेजारच्या बाकावरच्या माणसाचं कोमटपण: प्रार्थनासभेला न येणारे, दशमांश न देणारे. आंधळेपण म्हणजे आपल्या शिकवणीत, आपल्या कारभारात न दिसणारं काही, असं मी एकाही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. एलन व्हाईट यांनी स्वतः १८९२ मध्ये लिहिलं होतं की आपली सगळी स्पष्टीकरणं निर्दोष आहेत असं मानायला कुणालाही जागा नाही. त्यांचं नाव घेऊन तोंड बंद करणाऱ्यांनी हेही वाचावं.

भीती मला समजते. माझ्या वडिलांनी शनिवारी कामावर जायला नकार देऊन नोकरी सोडली होती. मंडळीची चूक मान्य करायची म्हटलं की आधी त्यांचा चेहरा समोर येतो. त्यांनी सोसलं ते फुकट होतं का? नव्हतं. पण हे मनाला समजवायला मला फार वर्षं लागली, आणि ज्याची शाळा, हॉस्पिटल, नोकरी, लग्न, सगळं मंडळीतच आहे त्याला किती लागतील?

काल संध्याकाळी मी त्या मुलाला फोन केला. म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. ते त्रैक्य मानत नव्हते. आज आले असते तर आपल्या नियमाने त्यांना घेता आलं नसतं. मला त्या दिवशीही हे माहीत होतं."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "टीचर, मग तुम्ही प्रार्थना कर का म्हणालात?"

"घाबरले होते," मी म्हटलं.

या शनिवारी धड्याच्या आधी मी हे वर्गासमोर सांगणार आहे. त्याला पेन्सिल आणायला सांगितलीय.