चार्टर शाळा ‘नियम नाहीत म्हणून’ चालतात, हे खरं नाही

‘अमेरिकेत चार्टर शाळांना सगळे नियम माफ केले, म्हणून निकाल सुधारले. वाईट शाळा पालकच बंद पाडतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळाही संस्थांच्या हाती द्या.’ हा मजकूर पालकांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळा. त्यातला एकेक दावा तपासू.

सगळे नियम माफ? मुळीच नाही. मिनेसोटाने 1991 मध्ये पहिला चार्टर कायदा केला. शिक्षक नेमणं, वेळापत्रक, शिकवण्याची पद्धत यांत मोकळीक. बदल्यात परवाना देणाऱ्याशी मुदतीचा करार. फी घेता येत नाही, अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढावी लागते, राज्याच्या परीक्षा चुकत नाहीत.

निकाल सुधारले? कुठे, ते आधी विचारा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या शिक्षण संशोधन केंद्राच्या 2009 च्या अभ्यासात गणितात 17 टक्के चार्टर शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस ठरल्या, 37 टक्के मागे पडल्या. त्याच केंद्राच्या 2023 च्या अहवालात चार्टरची मुलं एकंदरीत थोडी पुढे आहेत, ऑनलाइन शाळांतली मात्र बरीच मागे. बॉस्टनमध्ये फायदा ठळक दिसला. पण तिथे, मॅसॅच्युसेट्समध्ये, परवाना फक्त राज्याचं शिक्षण मंडळ देतं, तोही पाच वर्षांसाठी, आणि शाळांच्या संख्येवर मर्यादा आहे.

वाईट शाळा पालकच बंद पाडतात, हा तिसरा दावा सगळ्यांत घातक. ओहायोतल्या ‘ईकॉट’ या ऑनलाइन शाळेला पटावरच्या नावांप्रमाणे पैसे मिळत. मुलं प्रत्यक्ष किती वेळ लॉगिन होती याच्या नोंदी राज्याने मागितल्या, तेव्हा पंधरा हजारांवर दाखवलेला पट सुमारे 6,300 वर आला. पालकांनी ही शाळा बंद पाडली नाही; राज्याने पैसे परत मागितल्यावर ती जानेवारी 2018 मध्ये, ऐन शालेय वर्षात बंद झाली. सुमारे 12,000 मुलं रस्त्यावर आली. तिला परवाना देऊन तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला शाळेच्याच अनुदानातून हिस्सा मिळत होता. मग शाळेला टाळं लावायची घाई तिला कशी असणार? बोगस पट काय असतो हे आपल्याला नवं नाही, 2011 ची पटपडताळणी आठवा.

झेडपीच्या शाळांसाठी असा कायदा आणायचाच असेल, तर मसुद्यात आधी हे लिहून घ्या: परवाना देणाऱ्याची कमाई शाळेच्या पटावर अवलंबून नसेल, अनुदान तपासलेल्या हजेरीवरच मिळेल, आणि शाळा मध्येच बंद पडली तर तिथल्या मुलांना त्याच वर्षी, घराजवळ जागा देण्याची जबाबदारी कोणाची.