कॅडमियम यलो ऐवजी 'नकली' ट्यूब दिली, या रिव्ह्यूला ओनरचं उत्तर

नमस्कार सर, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की कॅडमियम यलो, म्हणजे कॅडमियम धातूपासून बनवलेला पिवळा ऑइल कलर, मागितला तर आम्ही नकली ट्यूब गळ्यात मारली आणि वर शिकवणी घेतली. बाकी गिऱ्हाइकांसमोर माझा आवाज चढला हे खरंय, ते चुकलंच, मनापासून सॉरी.

पण 'नकली' हा शब्द नाही हो पचत. ट्यूबवर 'कॅडमियम यलो ह्यू' छापलेलं आहे, बिल करायच्या आधी मी ट्यूब उलटी करून मागचा पिगमेंट नंबर (आत कुठलं रंगद्रव्य आहे त्याचा कोड) पण दाखवला होता, पीवाय 74, म्हणजे हान्सा यलो. खऱ्या कॅडमियमवर पीवाय 35 नाहीतर पीवाय 37 असतं. ह्यू म्हणजे त्या शेडसारखा दिसणारा रंग, कॅडमियम नसतंच त्यात, म्हणून तर तो स्वस्त पडतो आणि पैसे पण तुमच्याकडून ह्यूचेच घेतलेत, बिल बघा एकदा. पिवळ्यातून खालचा निळा थर दिसतो म्हणताय ते बरोबर आहे, हान्सा कॅडमियमसारखा झाकत नाही, एवढं मात्र मी आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. पण व्हाइटमध्ये मिसळून बघा, तिथे हान्साची चमक जास्त टिकते.

आता शिकवणीचं. तुम्हीच म्हणालात ना की थर वाळला की त्यावर कोरडा पॉलिश पेपर मारतो? तेलात घोटलेला कॅडमियम ब्रशने लावला तर एवढं घाबरायचं कारण नाही, मी स्वतः तो विकतो, पण घासल्यावर त्याची जी बारीक धूळ उडते ती श्वासातून आत जाते, आणि कॅडमियम शरीरात गेलं की किडनीत वर्षानुवर्षं साठून राहतं, फुफ्फुसाच्या कॅन्सरशी पण त्याचा संबंध आहे. म्हणून म्हटलं ह्यू घ्या, तुम्ही 'बरं द्या' म्हणालात. मग पैसे देता देता सांगितलंत की वीस वर्षं ब्रशचं टोक ओठांनी करतोय, काही झालं नाही. तिथे माझा आवाज चढला सर. अपमान करायचा नव्हता, काळजी वाटली म्हणून बोललो. ह्यू असला तरी ब्रश तोंडात घालू नका, आणि घासायचंच तर ओलं घासा, मास्क लावून. तेलाची फडकी पण गोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेट घेतात, हे त्या दिवशी गडबडीत राहूनच गेलं.

दुकान छोटं आहे, लोक रेटिंग बघूनच पायरी चढतात, त्यामुळे 'फसवणूक' वाचून रात्रभर झोप नाही. शेल्फवर ह्यू आणि खरे कॅडमियम वेगळे लावायचं बघतोय, स्टाफला पण सांगतो. ती ट्यूब उघडलेली असली तरी घेऊन या, बदलून देतो. कॅडमियमच हवा असेल तर वरचा फरक भरा आणि तोच घ्या, फक्त घासणार नाही एवढं सांगा.