भाडं, नियम आणि गेटवरचा माणूस

विमान कंपनीची पत तिच्या कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर ठरते, या माझ्या म्हणण्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. प्रवासी फक्त भाडं बघतो. प्रवाशांशी तुसडेपणाने वागण्याबद्दल बदनाम असूनही रायनएअर या युरोपातल्या स्वस्त विमान कंपनीची विमानं भरून जातात, हा एक. आणि असं लिहून मी तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्यांच्या माथी खापर फोडतो, हा दुसरा.

रायनएअरचंच बघू. २०१३ च्या सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये या कंपनीला नफा अपेक्षेपेक्षा कमी राहील असं दोनदा जाहीर करावं लागलं. भाडं तेव्हाही स्वस्तच होतं. प्रवाशांना विनाकारण चिडवणं थांबवायला हवं, असं कंपनीचे प्रमुख मायकेल ओलिअरी त्याच काळात उघड बोलू लागले. डिसेंबरपासून दुसरी छोटी बॅग नेता येऊ लागली. ऑनलाइन चेक-इन करूनही बोर्डिंग पास न आणणाऱ्याला विमानतळावर तो छापून घ्यायला ७० युरो पडत, ते १५ वर आले. हे ७० युरो मागायला समोर उभा असायचा तो काउंटरवरचा कर्मचारी, आणि उद्धट ठरायचा तोच. पुढच्या आर्थिक वर्षात प्रवासी ८ कोटी १७ लाखांवरून ९ कोटी ६ लाखांवर गेले. या वाढीला इतरही कारणं असणार. पण नुसत्या भाड्यावर भागलं असतं, तर कंपनी या वाटेला गेलीच नसती.

आता खापराबद्दल. ९ एप्रिल २०१७ ला शिकागोच्या विमानतळावर युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीच्या सेवेतल्या एका विमानात प्रवासी बसून झाले होते आणि कंपनीला आपल्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. भरपाई घेऊन उतरायला कुणी तयार होईना. शेवटी विमानतळाच्या सुरक्षारक्षकांनी एका प्रवाशाला ओढत, फरफटत बाहेर काढलं. ते रक्षक युनायटेडच्या नोकरीत नव्हते, तरी जगभर नाचक्की झाली ती युनायटेडचीच. महिना संपायच्या आत कंपनीने भरपाईची मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत वाढवली. त्या दिवशी गेटवरच्या माणसाच्या हातात एवढा अधिकार असता, तर कुणीतरी आनंदाने उठलं असतं. मी 'वागणं' म्हणतो ते हेच. ते वरच्या मजल्यावर ठरतं आणि गेटवर दिसतं.

स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे तेव्हाचे प्रमुख यान कार्लझॉन यांनी हे १९८० च्या दशकात ओळखलं होतं. वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची साधारण पाच कर्मचाऱ्यांशी गाठ, दर वेळी सरासरी १५ सेकंद, असा त्यांचा हिशोब होता. त्या १५ सेकंदांत साहेबाला विचारायला वेळ नसतो, म्हणून निर्णयाचा अधिकार त्यांनी खाली दिला.

पगाराचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत अनेक कंपन्यांच्या केबिन क्रूचं तासाचं वेतन वर्षानुवर्षं विमानाचं दार बंद झाल्यावरच सुरू होत आलं. म्हणजे बॅगांसाठी जागा शोधणं, जागांवरून होणारी भांडणं सोडवणं, घाबरलेल्याला धीर देणं, हे सगळं त्या वेतनाबाहेर. प्रवासी कंपनीबद्दल मत बनवतो ते याच अर्ध्या-पाऊण तासात. त्यांतल्याच डेल्टा या कंपनीने २०२२ मध्ये बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दराने. ते पूर्ण दराने मिळायला हवेत, आणि सगळ्याच कंपन्यांत.