दगडच तर आहेत ना!

नागपूरहून काटोल रोडने निघालं की जुनापाणी. तिथली शिळावर्तुळं दाखवायला पाहुणे नेले की दर वेळी तेच वाक्य ऐकायचं, "येवढ्या दूर आणलं, अन् दगडच तर आहेत ना!"

अरे बाबा, दगडच आहेत! पण कोणीतरी मोठमोठे धोंडे ओढून आणून गोल मांडलेत, मधे दगडगोट्यांची भर घातली, आणि खाली आपलं माणूस पुरलं. लोहयुगातली, दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी दफनं ही. जवळच माहुरझरीला तर माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले, तोंडावर तांब्याचा साज चढवलेले. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेत. बोट फिरवलं की गुळगुळीत लागतात. त्याच धोंड्यावर मागच्या खेपेला ऑइलपेंटने बदाम, बदामात बाण, आणि शेजारी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी!

बरं, एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदून पाहिलं. म्हणजे साहेबाला दिसलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या नागपुरात राहणाऱ्यांना दिसत नाही. एखादं वर्तुळ कुणाच्या धुऱ्यावर आलं की त्याचे धोंडे बांधाला जातात. शेतकऱ्याला तरी काय बोलणार, त्याला नांगर फिरवायचाय. पण प्लॉट पाडणारे ले-आउटवाले? मुरूम उपसताना विचारलं तर म्हणे, "भाऊ, किल्ला असता तर ठेवला असता."

किल्ला पाहिजे यांना! तोही सेल्फीपुरता.