आधी आठवडा मोजा, मग अंतर

आयुष्यात कधी सलग दोन किलोमीटरही न धावलेल्या माझ्या भाच्याने आज सकाळी, चार महिन्यांत पूर्ण मॅरेथॉन धावणार असे जाहीर केले आणि तासाभरात त्याच्यावर अभिनंदनाचा वर्षाव झाला. मी एवढेच विचारले, "आणि सराव कधी करणार?" त्यावर मला 'नकारात्मक' ठरवून घरची मंडळी मोकळी झाली.

हा प्रश्न मला सहा वर्षांपूर्वी कोणी विचारला असता, तर मी जन्मभर ऋणी राहिले असते. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये ते प्रमाण ठरले, हा इतिहास मला तोंडपाठ होता. मात्र तीस किलोमीटरच्या सरावाला माझ्या गतीने चार तास लागतात आणि त्यानंतर उरलेला रविवार आडवे पडून जातो, हा हिशेब मी मांडलाच नव्हता. कपाटाच्या दारावर आतून सोळा आठवड्यांचा तक्ता चिकटवला होता आणि धावून आल्यावर, घाम पुसायच्याही आधी, त्या दिवसाच्या चौकोनात हिरवी खूण करायची, असा नेम होता. दहाव्या आठवड्यात नडगी दुखू लागली. तरीही मी धावत राहिले, कारण सगळ्यांना सांगून बसले होते! बाराव्या आठवड्यात हाडाला बारीक चीर गेल्याचे निदान झाले आणि धावणे बंद झाले.

तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही फोन केला नाही. दुसऱ्याच्या संकल्पाला शाबासकी देण्याइतके स्वस्त काम दुसरे नसेल, कारण त्यासाठी पहाटे साडेचारला उठावे लागते ते दुसऱ्यालाच.

पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, हे मान्य; चारचौघांत सांगितल्याशिवाय काही जण हलतच नाहीत, हेही मान्य. पण आपल्याला ते काम रोज करायचे आहे की ते केलेला माणूस म्हणून मिरवायचे आहे, हे आधी स्वतःला विचारायला काय हरकत आहे? खरे सांगायचे तर मला धावायचे नव्हतेच, मला पदकासह फोटो हवा होता. हे कबूल करायला मला सहा वर्षे लागली.

लिहिता लिहिता राग बराच ओसरला आहे. गेले वर्ष त्या मुलाला किती जड गेले, हे मला ठाऊक आहे. त्याला धरायला काहीतरी हवे असेल आणि मावशीने पहिल्याच दिवशी, तेही सगळ्यांसमोर, वेळापत्रक मागितले. हे मी त्याच्याशी एकट्याने बोलायला हवे होते.

तो तक्ता अजून कपाटाच्या दारावरच आहे. आत्ता त्याचा फोटो काढून फक्त त्यालाच पाठवला आहे, बाराव्या आठवड्यानंतरच्या कोऱ्या चौकोनांसकट.